अंबाडी फुलेपर्यंत

अंबाडी फुलायच्या आधी खुडायची असते. फूल आलं की पानं निबर होतात, मग ती भाजी कसली, चाराच. मी नाशिककडची, मला हे कुणी शिकवायला नको. तरीही त्या वर्षी सौदीतल्या रास तनुरात आठ दिवस मी त्या झाडांपुढे हात जोडून म्हणत होते, फुल ना गं बाई एकदाची!

धाकट्या भावाचं बियाण्याचं दुकान आहे. सुट्टी संपवून निघताना त्याने मूठभर बी पुडीत बांधून दिलं. "ताई, तिकडे अंबाडी कुठली मिळायला!" मी पुडी तांदळाच्या पिशवीत कोंबून आणली आणि घरामागच्या टीचभर अंगणात, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत बी पेरलं. झाडं छातीएवढी झाली तशी वरची पानं पाच-पाच बोटांची, कातरलेली यायला लागली. अंबाडीची तशीच येतात, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एसी दुरुस्त करायला आलेल्याला दिसलं. त्याने गुपचूप फोटो काढून कंपाउंडच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या मॅनेजरला पाठवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दारात हजर. वयस्कर सौदी गृहस्थ, इंग्रजी बोलणं अगदी मऊ.

"मॅडम, हे हशीश आहे?"

हशीश म्हणजे गांजा, त्याची पानंही अशीच पाच बोटांची! "नाही हो, भाजी आहे! पिवळं फूल येईल, तेव्हा बघा तुम्हीच."

"मग येऊ दे. पुढच्या गुरुवारी मला वर कळवावं लागेल. तोवर एकाही झाडाला हात लावू नका."

संध्याकाळी नवरा रिफायनरीतून आला, हे ऐकलं आणि बूट न काढताच अंगणात धावला. "उपटून टाक! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, फोटो गेलाय त्यांच्याकडे. उपटलं की आपणच चोर ठरू."

तो पायरीवर मटकन बसला. घर त्याच्या नावावर, म्हणजे न्यायला येतील ते त्यालाच. नोकरी, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, हे सगळं जाणं त्यानंतरचं. इथे या गोष्टीला काय शिक्षा असते, ते आम्ही एकमेकांना बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मग तो हळूच म्हणाला, "बी तुझ्या भावाने दिलं होतं ना?"

"तोंड सांभाळा!" मी अशी काही ओरडले की मुलगी खोलीतून बाहेर आली.

पण नवऱ्याचं काय चुकलं? कॉलेजात असताना भावाने आमच्या गच्चीवर, झेंडूच्या कुंड्यांमागे गांजाची दोन झाडं लावली होती. रोज जाऊन कळ्या हुंगायचा. मला म्हणायचा, "ताई, तयार झाला की वासच सांगतो." वासाने सांगितलं खरं, पण आमच्या वडिलांना. त्या दिवशी जो मार बसला, त्यानंतर वीस वर्षांत त्याने साधी सिगारेट ओढली नाही. हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादल्यांपुढे वाकून कळ्या हुंगत होते. तो गच्चीवरचा उग्र वास येतोय का? नाही. येतोय का पण? पान चावून पाहिलं, आंबट लागलं. पुन्हा चावलं, तर चवच कळेना. जन्मभर खाल्लेली भाजी, आणि भीतीने माझी जीभच मला फितूर झाली.

शेवटी भावाला फोन केलाच. "खरं सांग, अंबाडीचंच होतं ना? त्यात ते दुसरं काही नाही ना मिसळलं?"

तो म्हणाला, "ताई, तू विचारतेस हे?" आणि फोन ठेवला.

बुधवारी कळ्या घट्ट मिटलेल्या. गुरुवारी पहाटेची अजान झाली, उजाडलं, आणि अंगणात जाऊन बघते तर एक फूल उमललेलं! फिकट पिवळं, मधोमध गडद लाल. माझी किंकाळी ऐकून नवरा गालाला दाढीचा फेस तसाच घेऊन आला. मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, "दुपारच्या नमाजनंतर येतो."

अरे देवा! अंबाडीचं फूल दुपारपर्यंत कुठलं टिकायला! मी चादर ताणून त्याच्यावर सावली धरली. अकराला कडा वळायला लागल्या. नवऱ्याने रजा टाकली होती, तो दर पाच मिनिटांनी विचारायचा, "मिटलं का?"

"तुमच्या बघण्यानेच मिटेल ते, सरका तिकडे!"

ते आले तेव्हा फूल अर्धं मिटलं होतं. त्यांनी बोटाने पाकळ्या उघडल्या, आतला लाल ठिपका पाहिला आणि एकदम हसले. "हे तर बामियासारखं! माझी आई लावायची." बामिया म्हणजे भेंडी. मी म्हटलं, "हो हो, भेंडीचीच बहीण." त्यांनी फोटो काढला, "खलास", म्हणजे विषय संपला, असं म्हणाले आणि गेले. नवरा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

मग त्या फुलाचा फोटो भावाला पाठवला. खाली लिहिलं, 'चुकले रे मी.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'आता खुडू नकोस, निबर झाली असेल.'

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. अजून फोन केला की भावजयच उचलते. म्हणते, "ते दुकानात आहेत."