नावं संपेपर्यंत

मी परदेशी परत निघाले की आई सोडायला फाट्यापर्यंत येते, पण एसटी हलायच्या आत पाठ फिरवून घराकडे चालू लागते. ‘जानाऱ्याकडं काय पाह्यचं?’ म्हणते. मला दर वेळी राग येतो. खिडकीत बसून मी हात हलवायचा कुणाला, कंडक्टरला?

या खेपेला निघायच्या दोन दिवस आधी मी तिला हिंगोलीला सिनेमाला नेलं. उडणाऱ्या, इमारती उचलणाऱ्या एका हीरोचा दुसरा भाग लागला होता, हिंदीत. पहिला भाग आईने पाहिलेला नव्हता, म्हणून सेनगावहून निघालेल्या जीपमध्ये मी तिला तो सांगितला. जीपच्या खडखडाटात ओरडून सांगावा लागला, त्यामुळे सगळ्या जीपनेच ऐकला. ‘मंग त्याच्या बापाला मारलं कोनं?’ हे तर ड्रायव्हरनेच विचारलं.

तो पहिला भाग मी पाहिला होता जपानमध्ये. तिथे थिएटरात लोक पॉपकॉर्नसुद्धा चोरून खाल्ल्यासारखे खातात. एका विनोदावर मी खळखळून हसले तर पुढच्या रांगेतल्या माना दचकल्या. सिनेमा संपला तरी कुणी उठत नाही. सुतारापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची नावं पडद्यावरून सरकून जाईपर्यंत अंधारात गप्प बसायचं. त्याआधी मी जर्मनीत होते. तिथे बिअरची बाटली घेऊन आत जाता येतं, पण तोंड उघडलं की मागून ‘श्श’ ऐकू येतं. मध्यंतर मला दोन्हीकडे मिळालं नाही. ज्याने त्याने आपली सोय आधी बघून यायची.

हिंगोलीत हीरो आला आणि शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. मागे कुणाचं लेकरू रडत होतं, कुणी फोनवर सोयाबीनचा भाव विचारत होतं, आणि आई थेट पडद्याशी बोलत होती. ‘मागं पाह्य रे, मागं! आला तो!’ हीरोने खरंच मागे पाहिलं, तेव्हा आपणच त्याला वाचवल्यासारखी ती माझ्याकडे बघून हसली. मीही पोट धरून हसले. एकही मान दचकली नाही.

शेवटी मात्र अख्खा पूल हीरोच्या अंगावर कोसळला. धूळ उडाली, त्याची म्हातारी आई ढिगाऱ्यापाशी बसून रडू लागली आणि नावं सुरू झाली. दारं उघडली, लोक उठले. आई उठेना. तिने पदर तोंडाला लावला होता. ‘मेलं का गं ते लेकरू?’

असल्या सिनेमांत नावांच्या नंतर एक तुकडा राखून ठेवलेला असतो, हे मला परदेशात बसून बसून कळलेलं. ‘थांब माय, अजून हाय,’ मी म्हणाले. पण दारावरचा माणूस वर प्रोजेक्टरच्या खोलीकडे मशीन बंद करायची खूण करत होता. मी धावत जाऊन त्याला नावं संपू द्यायची विनंती केली.

‘नावं पाहून काय करता ताई? तुमचं कोनी हाय का त्याच्यात?’

आई जागेवरून ओरडली, ‘माहं लेकरू हाय! जितं हाय का मेलं, ते पाह्यल्याबिगर मी हालत न्हाई!’

तो हसला, पण त्याने हात खाली घेतला. बाहेर निघालेले लोक दारातच वळले आणि जिथे होते तिथे उभे राहून नावं बघू लागले. एवढी शांतता मी जपानमध्येच पाहिली होती.

मग ढिगाऱ्यातून एक हात वर आला. बोटं हलली.

त्यानंतर जो दंगा झाला तो मी कुठल्याच देशात पाहिलेला नाही. अनोळखी बाया आईला मिठ्या मारत होत्या. दारावरच्या माणसाची शिट्टी सगळ्यांत मोठी होती.

आई डोळे पुसत म्हणाली, ‘एवढ्या लोकाईला रडत घरी धाडून राहिले होते. आधी काहून दाखवत न्हाईत?’

‘जे थांबतात, त्यांच्यासाठीच असतंय माय.’

परतीच्या जीपमध्ये ती घरापर्यंत मागे पडणारा रस्ता बघत होती.

दोन दिवसांनी फाट्यावर एसटी आली. मी बॅग चढवली, खिडकी पकडली आणि सवयीने आईची पाठमोरी आकृती शोधू लागले. आई समोरच उभी होती, माझ्याकडे तोंड करून. एसटी हलली तरी ती हलेना.

‘जाय ना घरी!’ मी ओरडले.

‘तू जाय! मी शेवटपर्यंत थांबून राहिली!’

मला रडू आलं आणि हसूही. वळण येईपर्यंत मी खिडकीबाहेर हात काढून सगळी बोटं हलवत राहिले.