मोटरला गेलेला ओटीपी

माझ्या पोरीचा नर्सिंगचा प्रवेश त्या दिवशी विहिरीच्या मोटरच्या हातात होता. हसू नका. मी दुपारभर रडायच्या बेतात होतो.

यादीत तिचं नाव लागलं होतं. पाच वाजेपर्यंत वेबसाइटवर होकार द्यायचा, नाहीतर सीट दुसऱ्याला. तीन वाजता हिंगणघाटला घरी बसलो आणि बटण दाबलं. आधी त्या वेबसाइटला मी माणूस आहे की नाही याचा संशय आला. सिग्नल असलेली चित्रं निवडा म्हणे. निवडली. मग ती म्हणाली, तुमच्या आधारच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

आला नाही. 'पुन्हा पाठवा' दाबलं. नाहीच. तिसऱ्यांदा दाबल्यावर तांबडी अक्षरं आली, आता एकच प्रयत्न शिल्लक. तेव्हा कुठे पोरगी चाचरत म्हणाली, "पप्पा, आधारले तुमचा जुना नंबर आहे नं?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तीन वर्षांपूर्वी मी नवा नंबर घेतला आणि जुनं कार्ड गावी अल्लीपूरला वडलांच्या, म्हणजे बाबूजींच्या हातात ठेवून म्हणालो होतो, फेकून द्या. बाबूजींनी आयुष्यात काही फेकलेलं नाही. त्यांनी ते शेतातल्या मोटरच्या डब्यात बसवलं. घरून त्या नंबरला फोन लावायचा, एक रिंग वाजली की मोटर सुरू, आणि डब्याकडून उलटा मिसकॉल. परत लावला की बंद. म्हणजे माझे तिन्ही ओटीपी मोटरला पोचले होते. 'हा ओटीपी कोणालाही सांगू नका' ही सूचना आमच्या खानदानात पाळली ती फक्त त्या मोटरनं.

बाबूजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ते शेतात आणि त्यांचा फोन घरी खुंटीला, हे ठरलेलंच. तसेही ते मला फोन करत नाहीत. नवा नंबर घेतल्यापासून एकदाही नाही, दरवेळी मीच करायचा. त्याचा राग मनात होताच, त्या दिवशी तो उफाळून आला. पोरीला मागे बसवलं आणि गाडी अल्लीपूरच्या रस्त्याला घातली. वाटभर मी ओटीपीला, वेबसाइटला आणि बाबूजींना आळीपाळीनं शिव्या घातल्या. पोरगी पाठीमागे मुकाट रडत होती, ते शर्टाला कळत होतं.

शेतात पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. बाबूजी कपाशीत उभे. पावसानं दडी मारलेली, पानं माना टाकून होती.

"काऊन रे, काय झालं?"

"डबा उघडा, बाबूजी! आधी डबा उघडा!"

पोरीच्या ओढणीची सेफ्टी पिन घेऊन मोटरचं कार्ड माझ्या मोबाईलात बसवलं. रेंज नाही! डब्याला उंच अँटेना होती, मोबाईलला कुठून असणार? बांधावर गेलो, नाही. शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभ्या ट्रॉलीवर चढलो, हात वर केला, एक कांडी दिसली. पाचला दहा कमी. पोरगी आणि बाबूजीही वर चढले, आणि पोरीनं तिच्या मोबाईलवर शेवटचं बटण दाबलं. मी देवाचं नाव घेतलं, मग घाबरून परत घेतलं.

आला! सहा आकडे. तिनं टाकले, आणि ते गोल चाक फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. मग हिरवी अक्षरं आली. सीट पक्की. पोरगी ट्रॉलीवरच आजोबांच्या गळ्यात पडली. बाबूजींना काही कळलं नव्हतं, पण तेही हसत होते.

आनंदाच्या भरात कार्ड तसंच मोबाईलात राहिलं. हिंगणघाटच्या वेशीवर आलो आणि फोन वाजला. बाबूजी. एक रिंग, बंद. परत एक रिंग, बंद. घरी जाऊन ते मोटर सुरू करत होते, उलटा मिसकॉल येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत होते. तिसऱ्या वेळी मी झटकन उचलला.

"बाबूजी, मी बोलतो. कार्ड माझ्याकडंच राहिलं."

ते म्हणाले, "उचलला का बाबू तू."

"म्हणजे?"

"तुया नवा नंबर पाठच होत नाई मले. हाच पाठ आहे. मोटरले लावतानी कधी कधी वाटते, तू उचलतं का काय."

मी गाडी कडेला घेतली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. हे कार्ड त्यांनी महिन्याच्या महिन्याला रिचार्ज करून जिवंत ठेवलं होतं. मी फेकून द्या म्हणालो होतो.

"आणून देतो, बाबूजी. आत्ताच येतो."

"येजो. कपाशी वाळून राह्यली." मग म्हणाले, "अन् तो नवा नंबर कागदावर लिहून आणजो. मोठ्या अक्षरात."