शिंप्याचा फेटा

मूकपटवाले बऱ्हाणपुरात आले तेव्हा कपडे शिवायला तिथल्याच राजपुऱ्यातला एक शिंपी होता. तोंडात टाचण्या धरून बोलायचा आणि उरलेलं कापड शिंप्याचा हक्क म्हणून फेट्यासारखं डोक्याला गुंडाळायचा. "मास्तर, ही चोरी आहे!" डायरेक्टर रोज ओरडायचा.

मी मिशा भादरून त्या मूकपटातली राणी झालो होतो. एका दुपारी माझ्या खांद्यावरचा जरीचा शेला तापीत वाहून गेला. अर्धा प्रसंग त्याच शेल्यात टिपलेला, आणि पहिल्यापासून टिपायला फिल्म उरली नव्हती. डायरेक्टर घाटावर मटकन बसला. मी रडलो, अगदी राणीसारखा.

शिंप्याने डोक्यावरचा फेटा सोडला. शेल्याचंच उरलेलं कापड! "फिकर कायची, साहेब?" तो टाचण्यांमधून म्हणाला.

डायरेक्टरने डोळे पुसले. "मास्तर, उद्या राजाचंही कापड जरा जास्तच घ्या."