झुंबरबाईच्या रश्शातलं मीठ

झुंबरबाईच्या खानावळीत मीठ मागायची सोय नव्हती. ताटात मीठ वाढलेलंच नसायचं. एखाद्या नव्या माणसानं चुकून मागितलं, तर ती कमरेवर हात ठेवून विचारायची, रस्सा चाखला का आधी? तो चाखायचा आणि गुमान जेवायला लागायचा.

ही गोष्ट नांदुऱ्याची. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील. मी स्टेशनामागच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या वजनकाट्यावर होतो. बायको-पोरं गावी, त्यामुळं दोन्ही वेळा झुंबरबाईकडंच पंगत. वर टिनाचं छप्पर, खाली सारवलेली जमीन आणि चार लांब बाकं, एवढीच ती खानावळ. पण वांग्याचा रस्सा काय सांगू! वर बोटभर लाल तर्री. ज्वारीची भाकर कुस्करून पहिला घास घेतला की कानातून वाफा निघायच्या, नाकाला धार लागायची, आणि तरी हात थांबायचा नाही. एका साहेबानं जरा कमी तिखट मागितलं, तर तिनं त्याच्यापुढं दह्याची वाटी ठेवली आणि रश्शाचं भांडं उचलून पुढच्या माणसाकडं गेली. मला तिचा हा ताठा फार आवडायचा. मी स्वतः एक नंबरचा तापट, मला मऊ माणसं सहन होत नाहीत.

ती आणि तिचा नवरा कडूबा मूळचे दुसरबीडचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. घरात थोरल्या जावेचा कारभार. तिच्या हाताखाली आठ वर्षं काढल्यावर झुंबरबाईनं एक दिवस गाठोडं बांधलं आणि नवऱ्याला घेऊन नांदुरा गाठलं. कडूबा लाकडं फोडायचा, पाणी भरायचा आणि बायकोपुढं ब्र काढायचा नाही.

तिची एक रीत होती. शिजवताना ती कधी चाखायची नाही. चाखलं की उष्टं झालं, मग देवीला काय दाखवायचं? भिंतीतल्या देवळीत देवीचा टाक होता. पहिलं ताट तिथं, मग आम्ही. मिठाचा अंदाज ती उकळीच्या वासावरून घ्यायची, आणि खोटं कशाला बोलू, तोवरच्या सहा वर्षांत तो अंदाज एकदाही चुकलेला मी पाहिला नाही.

त्या साली पोळ्याच्या सुमारास ती तापानं पडली. बारा दिवसांनी उठली, चूल पेटवली, आम्ही आनंदानं बाकांवर जाऊन बसलो. पहिला घास घेतला तर रस्सा पार अळणी. मी बोललो का? नाही. पुढ्यात आलेल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे माझ्या आईनं मला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. शेजारी कापसाचे दलाल उकंडराव बसलेले. त्यांच्याही आईनं तेच शिकवलं असणार, कारण तेही खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट. आम्ही तांब्या-तांब्या पाणी प्यालो आणि पुन्हा गप्प.

आठवड्याभरानं पाहतो तर उकंडरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि बाईची पाठ वळताच रश्शावर मीठ भुरभुरवलं. मी दुसऱ्या दिवसापासून माझी पुडी आणायला लागलो. बाकीच्यांना एवढी माया कुठली? ते बसस्टँडजवळच्या नव्या हॉटेलात जायला लागले. चार बाकांवरची माणसं एका बाकावर आली.

दसऱ्याला आठ दिवस असताना कडूबा मला जिनाच्या फाटकाशी भेटला. म्हणाला, सणानंतर खानावळ बंद, परत दुसरबीडला जातो. भावाच्या मळ्यात राबायचं आणि तिनं जावेच्या चुलीपुढं बसायचं. झुंबरबाई म्हणे रात्र रात्र जागी असते, म्हणते माझा हात गेला. माझं डोकंच फिरलं. नवरा ना तू, मग तिला मिठाचं सांगत का नाहीस, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो खाली बघत म्हणाला, "तुमीच सांगा ना, भगवानराव." आता हसा खुशाल, पण त्या वेळी तो जेवढा भीत होता तेवढाच मीही भीत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट आलं. घास घेतला, अळणी. झुंबरबाई समोरच उभी होती. मी खिशातून पुडी काढली आणि तिच्या डोळ्यांदेखत ताटाशेजारी उघडून ठेवली.

"झुंबरबाई, रश्शात मीठ नाही. तुम्ही तापातून उठल्यापासून कधी नसते, कधी दुप्पट असते."

तिनं उकंडरावांकडं पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं आपली पुडी काढून बाकावर ठेवली. मग तिनं कडूबाकडं पाहिलं. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, त्यातही मीठच. ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता पळी फेकून मारते.

"देवीले रोज पयलं ताट दाखवलं," ती म्हणाली. "ते देव हाय, ते काय बोलन? तुमाले तं तोंड होतं ना?"

मग तिनंच सांगितलं. तापापासून तिला वास येत नव्हता. जेवायला बसली तर सगळं मातीसारखं लागायचं. हात आपोआप अंदाज घेईल असं तिला वाटलं होतं. माणसं तुटायला लागली, पण कुणाला विचारायचं तर कमीपणा वाटला. हे सांगता सांगता तिचा आवाज एकदम खाली आला. सहा वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता.

"चव तं हाय ना, भाऊ? माह्या हाताची?"

"जशीच्या तशी हाय, बाई. मीठच तेवढं चुकते."

ती पदरानं तोंड पुसून उठली आणि तिघांवर जी कडाडली! "म्हंजे चिमूटभर मिठापायी मी त्या जावेचं तोंड पाहाले निंगाली होती?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, गिऱ्हाईक यायच्या आधी, तिनं मला बोलावून घेतलं. देवीला ताट दाखवून झालं होतं. रश्शाची वाटी माझ्यापुढं आली. मी चाखला आणि सवयीनं म्हणालो, झकास. तिनं पळी खाली ठेवली.

"खरं सांग."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोर आलेल्या अन्नाला नाव ठेवलं. म्हणालो, मीठ कमी आहे. तिनं मीठ टाकून ढवळलं, वाटी पुन्हा भरली. मी चाखला आणि म्हणालो, अजून एक चिमूट. तिनं तेही टाकलं. तिसऱ्या वाटीला रस्सा असा जमला की मी भाकर मागितली.

त्या दुपारी जेवायला आम्ही सगळे मिळून पाच जण होतो. झुंबरबाई मात्र कडूबाला सांगत होती, आजच सुताराकडं जा आणि आणखी दोन बाकं सांगून ये.