बाळंतिणीच्या पाठीशी बसणारी

"मावशी, जरा टेबलावर झोप बरं."

बानाबाईच्या हातात चहाचा ट्रे होता. "मी? कशापायी?"

"पेशंट म्हणून," श्रेया मॅडम हसत म्हणाल्या. "नुसतं पडून राहायचंय."

बजाजनगरातल्या प्रसूतिगृहाच्या वरच्या हॉलमध्ये वीसेक जणी वह्या उघडून बसल्या होत्या. श्रेया मॅडमनी भरवलेलं एक दिवसाचं शिबिर. पडद्यावर ठळक अक्षरं: 'डौला म्हणजे बाळंतपणातली सोबतीण. ती औषध देत नाही, तपासत नाही. ती बाईला एकटं सोडत नाही.'

एका वहीवालीनं ते मोठ्यानं वाचलं. आडव्या पडलेल्या बानाबाईनं ऐकलं. अकरा वर्षं ती ह्या दवाखान्यात फरशी पुसत होती, त्यावरच तिची चूल पेटत होती. त्याआधी काय करत होतीस, असं कुणी विचारलंच नव्हतं. मेंढरांमागं पाचोडच्या शिवारात हिंडताना तिची सासू बाळं झेलायची आणि बानाबाई बाळंतिणीच्या मागं बसायची, पाठीला पाठ लावून. कळ आली की बाळंतीण अख्खा भार तिच्यावर टाकायची. लुगडं सासूला मिळायचं, हिला भाकर. बावीस वर्षं!

मॅडमनी तिला कुशीवर वळवून कमरेवर तळवा टेकवला. "दाब इथे द्यायचा."

"तिथं नाय, म्याडम. हाडावर दाबलं तर बाई बोंबलंल. जरा खाली."

हॉल खदखदून हसला. "मावशी तर एकदम रोलमध्येच गेल्या!" मॅडमही हसल्या.

बानाबाईची कानशिलं तापली. तेवढ्यात खालून किंकाळी आली, "आई गं!"

प्रांजलीच ती. बिडकीनची, पहिलटकरीण. सकाळी फरशी पुसताना बानाबाईनं पाहिलं होतं, लेबर रूममध्ये पोर एकटी आणि आई बाहेर बाकड्यावर. नातेवाइकांना आत यायचं नाही, हा इथला नियम. "थांबा ना, मावशी," पोरीनं पदर धरला होता. तर तनुजा सिस्टर खेकसली, "वर चहा ने. इथं तुझं काय काम?" आणि बानाबाईनं मुकाट्यानं पदर सोडवून घेतला होता.

पुन्हा किंकाळी. श्रेया मॅडमनी खिडकी लावून घेतली. "हं. तर एकटं सोडायचं नाही. लिहून घ्या."

बानाबाई ताडकन उठून बसली.

"लिवा! लिवा ना! खाली पोर गळा फाडून वरडतीय आन तुमी खिडकी लावताय व्हय? आमच्यात मेंढी व्यायला लागली तरी कुणीतरी जवळ बसतं!"

कुणी काही बोलायच्या आत ती जिना उतरली.

लेबर रूममध्ये तनुजा सिस्टर डाफरत होती, "ओरडून बाळ बाहेर येतं का गं?" मांडीवर चापट मारायला तिनं हात उचलला. बानाबाईनं वरच्या वर मनगट पकडलं.

"सुई तुमची, तपासणी तुमची. त्यात मी बोट घालत नाय, सिस्टर. पन हात उचलायचा नाय."

"मावशी, नोकरी जाईल तुझी!"

"सकाळी त्याच भ्यानं गेले ना वर. लई चुकलं माझं."

साडीचा काष्टा खोचून ती टेबलावर चढली, प्रांजलीला उठवून बसवलं आणि तिच्या पाठीला पाठ लावली. "टाक भार. समदा टाक."

"मावशी, मी मरते आता..."

"गप! मी म्हातारी मरंना, तू कुठं निघालीस? श्वास सोड. लांब. हां, अस्सा."

पुढची कळ आली, तेव्हा पोर किंचाळली नाही. लांब हुंकार देत तिनं सगळा भार मागं टाकला. बानाबाईनं दातावर दात दाबले, पण ती हलली नाही.

दारात वह्या घेऊन बाया गोळा झाल्या होत्या. सगळ्यांत पुढं श्रेया मॅडम.

"तमाशा हाय का हितं?" बानाबाई कडाडली. "वह्या मिटा. तिच्या आईला आत घ्या आधी!"

मॅडम पळाल्याच बाकड्याकडं. दारातल्या बायांना बाजूला सारत डॉक्टर आत आले.

"मावशी! काय चाललंय हे? खाली उतर. उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

पाठीवरचा भार पुन्हा वाढला. बानाबाईनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"उद्याचं उद्या, डाक्टर. आत्ता कळ आलीय. गप ऱ्हावा."