वनिताची म्हैस आणि माझं तयार उत्तर

"सर, तुमचं उत्तर माह्याआधी दोघायनं देऊन टाकलं!"

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून वनिताचा फोन. तिथल्या एका कारखान्यात फ्रंट ऑफिसची जागा होती. दिग्रसच्या माझ्या स्पोकन इंग्लिश क्लासमधून तिघं इंटरव्ह्यूला गेले होते. वनिता याआधी दोनदा इंग्रजीपायी आपटली होती. "सर, हा शेवटचा. नाही जमलं तं इंग्रजीचं नावच काढत नाही," असं तिनं बजावलं होतं. म्हणून तर मी जास्तच जोरात होतो.

'हल्ली काय करता?' हा प्रश्न हमखास येतो. काम उरकलं असेल तर प्रेझेंट परफेक्ट: 'आय हॅव रेड द पेपर.' अलीकडे लागलेली सवय चालू असेल तर त्यातलाच कंटिन्युअस: 'आय हॅव बीन रीडिंग.' आपल्या वऱ्हाडीत 'वाचून राह्यलो'. एवढं सांगून गप्प बसावं ना माणसानं! मी फळ्यावर तयार उत्तरच लिहिलं, 'लेटली आय हॅव बीन रीडिंग अ‍ॅन इंग्लिश न्यूजपेपर एव्हरी मॉर्निंग', आणि सगळ्यांकडून घोकून घेतलं.

"सर, माह्या घरी तं पेपरच येत नाही," वनिता म्हणाली होती.

"माझ्या तरी कुठं येतो? पाठ कर."

आता फोनवर मी घाईनं विचारलं, "मग?"

"साहेब म्हणे, दिग्रसचे सारेच सकाळी पेपर वाचतात का? मंग मी खरं सांगून टाकलं."

"काय खरं?"

"मी दोन महिन्यापासून म्हशीसंग इंग्रजी बोलून राह्यली. शी नेव्हर लाफ्स अ‍ॅट मी, म्हणलं."

मी कपाळाला हात लावला. तरी तोंडातून काय निघावं? "टेन्स कोणता लावला?"

"सर, नोकरी लागली का, ते तं इचारा!"

लागली होती. साहेब खो खो हसला आणि मग म्हशीबद्दलच विचारत राहिला. वनितानं अडखळत का होईना, सगळं सांगितलं. म्हैस तिच्याच गोठ्यातली होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटायचीच राहिली. ती दुसऱ्या दिवशी वाटली, बाकीचे दोघं क्लासमध्ये येऊन समोर बसले तेव्हा.

तेव्हापासून मी उत्तरं लिहून देत नाही. ज्याचं त्यानं खरं सांगावं, असा नियम केलाय. परवा एका नव्या पोराला विचारलं, हल्ली काय करतोस? तो ताठ उभा राहून म्हणाला, म्हशीशी इंग्रजी बोलतो. चौकशी केली. त्याच्या घरी म्हैस नाही.