ओठ न हलवता

आमच्या मोठ्या जाऊबाई वाचताना ओठ हलवतात. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी मला वाटलं की त्या माझ्याबद्दल काहीतरी पुटपुटताहेत. चहा गोड झाला असेल, नाहीतर मी उशिरा उठले असेन. घाबरून दिवसभर मान खाली घालून वावरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, त्या पेपर वाचत होत्या. आम्ही दोघी मराठी शाळेतल्या. सगळा वर्ग एका सुरात धडा वाचायचा. माझं तोंड पुढे मिटलं, त्यांचं मिटलंच नाही. आवाज नसतो, नुसते ओठ.

त्या एका लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं आहेत. कुठल्या इमारतीचा शाफ्ट कधी तयार होणार, माल कधी पाठवायचा, फिटर कधी जायचे, मोटर कधी वर चढवायची, हे सगळं त्यांच्या टेबलावरून हलतं. वही न उघडता तारीख सांगतात. म्हणून फिटर त्यांना तारीखबाई म्हणतात.

गेल्या वर्षी कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की या टेबलावर बसायचं तर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं निदान पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट पाहिजे. सहा महिन्यांची मुदत. नाही जमलं तर गोदामात बदली, सुट्या भागांना चिठ्ठ्या लावायला. गोदामात आधी दोघांना पाठवलं होतं. एकाने तीन महिन्यांत नोकरी सोडली. दुसरा अजून आहे, पण त्याला आता कुणी काही विचारत नाही.

"मला माणसं विचारायला यायला पाहिजेत गं," वहिनी मला म्हणाल्या. मीही त्यांना वहिनीच म्हणते. "कुणी विचारलंच नाही, तर मी दिवसभर करू काय?"

एकोणपन्नासाव्या वर्षी त्या अभ्यासाला बसल्या. पुस्तक इंग्रजी, उशीएवढं जाड. काम त्यांना येत होतं, त्या कामाची इंग्रजी नावं येत नव्हती. कुठलं काम रखडलं की सगळंच रखडतं, हे ओळखायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं. भिंत ओळंब्यात नसेल तर रूळ बसत नाहीत, रूळ नसतील तर मोटर येऊन उपयोग नाही. पण पुस्तकातला माणूस वेगळाच वागायचा. अडचण आली की तो आधी नोंद करी, मग मीटिंग घेई, मग जोखीम तपाशी. वहिनी आधी फिटरला फोन लावत आणि त्याला फैलावर घेत.

"परीक्षेत फोन लावायचा पर्याय नसतोच का?" मी विचारलं.

"असतो ना. तोच नेमका चुकीचा असतो."

सगळ्यात जुना फिटर फोनवर छेडायचा. "तारीखबाई, साऱ्या शहराला तारखा देता, तुमची स्वतःची कधी?"

"ठरली की सांगेन. तोवर तू तुझी मोटर वेळेत चढव."

हसत बोलायच्या, पण फोन ठेवला की ओढणीला तळहात पुसायच्या.

सरावाच्या परीक्षा जमू लागल्या. तारीख ठरली. मग नियमांची पानं आली. परीक्षा घरूनच द्यायची, लॅपटॉपवर. त्याच्या कॅमेऱ्यातून लांब कुठेतरी बसलेला एक माणूस तीन तास बघणार. खोलीत दुसरं कुणी नको, भिंतीवर अक्षर नको, टेबलावर पाण्याशिवाय काही नको. मी डिक्शनरी घेऊन शेजारी बसले होते. सहाव्या पानावर वहिनी थांबल्या. लिहिलं होतं, मोठ्याने वाचू नये, पुटपुटू नये, ओठ हलवू नयेत. एकदा ताकीद मिळेल. पुन्हा घडलं तर परीक्षा तिथेच बंद, आणि वर्षभर बसता येणार नाही.

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. ओठ हलवतच.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हसू आलं नाही.

परीक्षेला पाच आठवडे होते. एका जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याची मी बोटभर पट्टी कापली. संध्याकाळी चहा झाला की त्या पट्टी ओठांत धरून सराव परीक्षा सोडवत. मी समोर बसून पट्टीकडे बघत राही. जरा थरथरली की चमच्याने टेबलावर टक्क करी. पहिल्या संध्याकाळी मी इतकं टकटक केलं, की त्यांनी चमचाच हिसकावून घेतला.

वाईट पुढे होतं. तोंड मिटलं की त्यांना इंग्रजी कळेना. प्रश्न तोच, उत्तर माहीत असलेलं, तरी डोळे ओळीवरून नुसते फिरत. गुण पंचाहत्तरवरून एकावन्नवर आले. "ओठांनी मी ते मराठीत आणते गं," त्या म्हणाल्या. "दार लावलं तर आत येणार कुठून?" त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. नळ सोडून रडत होत्या, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग त्यांना एक युक्ती सापडली. जीभ टाळूला घट्ट लावून ठेवायची. जबडा दुखायचा, जेवताना घास फिरायचा नाही, पण पट्टी हलेना. गुण हळूहळू चढले. ही नवी सवय सुटू नये म्हणून त्यांनी सकाळचा पेपरही तसाच वाचायला सुरुवात केली. ओठ दगडासारखे.

याच दिवसांत सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं. बाबांना आठ वर्षांपासून ऐकू येत नाही आणि बारीक अक्षर दिसत नाही. माणसाचा चेहरा मात्र दिसतो. हळू बोललं की ओठांवरून समजतं त्यांना. तरी दहाच्या सुमाराला सगळ्या बातम्या त्यांच्याकडे तयार असायच्या, कुठे पूल खचला, कोण निवडून आलं. आम्हाला वाटायचं, शेजारी सांगत असतील. कुणी कधी विचारलं नाही. अलीकडे ते बातम्या सांगेनात. भिंतीला हात लावून चालू लागले.

एका दुपारी त्यांनी मला खिडकीत बोलावलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"बोल काहीतरी."

"काय बोलू, बाबा?"

"हं. तुझं दिसतं." मग हळूच म्हणाले, "मोठीचं दिसत नाही गं. पंधरा दिवस झाले. पेपर घेऊन बसते, पण तोंड दिसतच नाही हलताना. माझी नजर चालली का? खरं सांग. मुलांना सांगू नकोस."

मी तिथेच खाली बसले. इतकी वर्षं ते समोर बसून वहिनींच्या ओठांवरून पेपर वाचत होते, आणि खुद्द वहिनींनासुद्धा ते ठाऊक नव्हतं. मी सावकाश, एकेक शब्द तोडून सगळं सांगितलं. परीक्षा, कॅमेरा, ताकीद. त्यांनी डोळे मिटून घेतले. भीती लगेच उतरली नाही. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"तिला यातलं काही बोलू नकोस," म्हणाले. "नाहीतर माझ्यासाठी हलवील. मी थांबतो."

परीक्षेच्या दिवशी माझे यजमान आणि थोरले दीर बाबांना घेऊन बाहेर गेले. बाबा हाका मोठ्याने मारतात, म्हणून. मी दारावरच्या घंटीची बॅटरी काढली. खोलीतलं कॅलेंडर उतरवलं. देवाच्या फोटोखाली दोन ओळी छापलेल्या होत्या, तोही उतरवला आणि बाहेर पॅसेजमध्ये माझ्या मांडीवर घेऊन बसले. कुणी दार वाजवायला आलं तर आधीच थोपवायचं, एवढंच माझं काम. पट्टी वहिनींनी माझ्या हातात दिली.

दहाला आतून आवाज आले. कॅमेरा फिरवून खोली दाखवली असावी. बाह्या वर करा, कान दाखवा, टेबलाखालचं दाखवा. मग शांत.

पहिला अर्धा तास गेला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. मी फार देवाचं करणारी नाही, पण काळजी लागली की नाव घेते. त्यांची जीभ टाळूवरून सुटली तर? एखादा अवघड प्रश्न आला आणि विसरल्या तर? गोदाम डोळ्यांसमोर येई. लोखंडी मांडण्या, आणि त्यांच्यात चिठ्ठ्या लावणाऱ्या वहिनी, कुणी न विचारलेल्या. भीती वाढली तसं मी नाव जोरात धरलं. किती वेळ, सांगता येत नाही.

एकदम आत खुर्ची सरकली. वहिनींचा आवाज आला, कापरा.

"नो सर. नोबडी सर. आऊटसाईड."

मी गप्प झाले. तेव्हाच मला कळलं की मी गप्प नव्हते.

"माय सिस्टर, सर. शी इज प्रेइंग."

जाऊला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांना त्या घडीला सुचलं नसावं. पुन्हा खोली दाखवण्याचे आवाज. लॅपटॉप उचलला, दाराजवळ आला. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर तो लांबचा माणूस माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं. मी श्वास धरला. "यस सर. सॉरी सर. वन वॉर्निंग, यस सर." पावलं परत गेली.

एकुलती एक ताकीद माझ्या तोंडाने खर्च झाली होती. आता त्यांच्या हातात एकही चूक उरली नव्हती.

उठून लांब जावं म्हटलं, तर स्टूल करकरतं. तशीच बसले. घशात खवखव सुरू झाली, ती का झाली देवच जाणे. मी ती पट्टी घेतली आणि माझ्या ओठांत धरली. दोन तास. मनातसुद्धा नाव घेतलं नाही, न जाणो बाहेर पडेल म्हणून. फोटो मांडीवर होता, त्याच्याकडे बघायचंही धाडस होईना. आयुष्यात पहिल्यांदा मला देवाचं नाव घ्यायची भीती वाटली.

दार उघडलं तेव्हा पट्टीचा लगदा झाला होता.

"पास लिहून आलंय," वहिनी म्हणाल्या. चेहरा मात्र पांढराफटक. "पण खाली दुसरं पण लिहिलंय. ताकीद मिळाली म्हणून रेकॉर्डिंग पुन्हा तपासणार. तीन दिवसांत कळवतील. रद्दही करू शकतात."

"वहिनी, माझ्यामुळे..."

"हो. तुझ्यामुळेच. आता गप्प बस."

मग त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कामापुरतंसुद्धा नाही. मीठ हवं असलं तर उठून घ्यायच्या. थोरले दीर एकदा गमतीत म्हणाले, "अगं, परीक्षा संपली, आता तोंड उघडायला हरकत नाही." फोन वाजला की दोघी दचकायचो. फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला, पण दिवा लावताना हात जोडून नुसती उभी राहायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या ऑफिसातून लवकर घरी आल्या. चपला न काढता स्वयंपाकघरात आल्या आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मला ओळी लागेनात.

"वैध धरलंय," त्या म्हणाल्या. "सर्टिफिकेट येईल."

मी पुन्हा कणीक तिंबू लागले.

"बोलले नाही तुझ्याशी," त्या म्हणाल्या, "कारण बोलले असते तर असं काही बोलले असते की तू जन्मभर विसरली नसतीस." एवढंच. माझ्या हातातली कणीक त्यांनी ओढून घेतली आणि स्वतः मळू लागल्या. मग मी त्यांना बाबांचं सांगितलं. मळणारे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आपण होऊन वहिनींच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले. वहिनींना आता सगळं ठाऊक आहे, याची बाबांना कल्पना नव्हती. वहिनींनी पेपर उघडला. पहिली बातमी. ओठ हललेच नाहीत. जीभ टाळूला चिकटलेली होती, गळ्याची शीर दिसत होती मला. बाबा वाट बघत होते. त्यांचा हात टेबलाची कड चाचपत होता.

वहिनींनी पेपर खाली केला. कपाटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मागे वळून दाराकडे पाहिलं. लॅपटॉप कोपऱ्यात मिटलेला होता, तरी उठून त्याच्यावर टॉवेल टाकून आल्या. मग बसल्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. ओठ अडखळत हलू लागले.

बाबा पुढे झुकले. "हळू," म्हणाले, "पुलाचं काय झालं, ते परत सांग."